विकत घेतलेला हात

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण तालुक्यात माळरानावरची माती उथळ असते. फूट-दीड फूट खाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. अशा भूमीत खोदणे म्हणजे धीराचा व्यवहार. तेथील एका डाळिंब-बागाईतदाराच्या हाती वैशाखात एक पत्रक आले आणि त्याची झोप उडाली. त्याच्या २८ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला मागे जोडता येईल अशा, खोदणाऱ्या लोखंडी हाताचे चित्र त्यावर होते.

असे खोदयंत्र खेडोपाडी ‘जेसीबी’ या एकाच नावाने ओळखले जाते. मागे खोदणारा आणि पुढे भरणारा असे दोन हात असलेले यंत्र इंग्लंडातील बॅमफोर्ड यांच्या कारखान्याने १९५३ साली केले; १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे त्याचे उत्पादन सुरू झाले आणि निर्मात्याची आद्याक्षरे मराठीत सामान्यनाम होऊन बसली. ते मोठे यंत्र तासाच्या भाड्याने मिळते. परंतु मृगापूर्वी साऱ्या पंचक्रोशीला ते एकाच वेळी हवे असते. आदल्या वर्षी या शेतकऱ्याची पाळी येण्यापूर्वीच वळीव कोसळला, खचलेला बांध फुटला आणि दोन पिढ्यांनी जोपासलेली माती ओढ्याला मिळाली. स्वतःचे यंत्र असते तर? या ‘तर’भोवती त्याचे मन फिरत राहिले.

त्याने वही काढली. रोपांचे खड्डे, ठिबकच्या नळ्यांचे चर, बांधाची डागडुजी. वर्षाचे काम बारा दिवसांपलीकडे जाईना. खोदण्याचा सारा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीवर येतो. तो पेलायला सांगाड्याखालून भक्कम लोखंडी चौकट हवी, पुढची चाके उचलू नयेत म्हणून पुढे वजन हवे. एवढे करूनही पाषाणापुढे तो लहान हात थबकणारच.

रात्री त्याने हा हिशेब वडिलांना वाचून दाखवला. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली होती. पुढे घरची विहीर पहार आणि टिकाव यांनीच खाली नेली होती.

“आबा, हप्ता भागवायला बाहेरची कामं घेईन म्हणतो.”

म्हातारा बराच वेळ विहिरीच्या दिशेने पाहत राहिला. “बारा दिस तुझं काम. बाकीचं दिस त्यो हात तुला बसू देईल व्हय? जिथं नको तिथंबी खणत फिरशील.”

त्या बोलण्यात यंत्राचा राग नव्हता. आयुष्यभर खोदलेल्या माणसाला खोदण्यापूर्वीच्या विचाराचे मोल ठाऊक होते. टिकावाच्या काळात दहा वेळा जागा पाहिल्याशिवाय पहिला घाव पडत नसे. कष्टच माणसाला सावध करीत. हप्त्याच्या ओझ्याखालचे यंत्र मात्र काम शोधत निघते, आणि एकदा वर आलेला मुरूम पुन्हा माती होत नाही.

शेतकऱ्याने पत्रक वहीत ठेवून दिले. मार्गशीर्षात, भाड्याची यंत्रे मोकळी असताना, त्याने दीड दिवसात बांध बांधून घेतला. हे आदल्या वर्षीही करता आले असते, हे त्याला तेव्हा उमगले. यंत्र गेल्यावर तो बांधावरून चालत ओढ्यापर्यंत गेला. वाहून गेलेली माती तिथेही उरली नव्हती.