फटफटीचा आवाज

मोटारसायकलीला आपल्या भाषेने मोठे समर्पक नाव दिले आहे: फटफटी. ज्या वाहनाचे नावच त्याच्या आवाजावरून पडले, त्याचा आवाज वाढला की त्याचा मोठेपणाही वाढतो, असे एखाद्या तरुणाला वाटले तर त्यात नवल ते काय?

माझ्या पुतण्याला असेच वाटत असे. माझ्या वडिलांची १९६७ सालची जावा त्यांच्या पश्चात त्याच्याकडे आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. या गाडीचे इंजिन २५० सी.सी.चे. सिलिंडर एकच, परंतु धूर बाहेर टाकण्यासाठी दोन्ही अंगांना एकेक लांबट सायलेन्सर. त्यांच्या आतील नळ्या काढून टाकल्या की गाडी गर्जू लागेल आणि तिची ताकदही वाढेल, असा पुतण्याचा हिशेब होता. शेजारच्या वृद्ध बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांची आठवण करून दिली, तेव्हा तो म्हणाला, "काका, दोन मिनिटांचा तर आवाज!"

वडिलांच्या वेळेपासून गाडीची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी त्याला विरोध केला नाही. त्यांनी नळ्या काढून दिल्या आणि म्हणाले, "जा, टेकडीचा चढ चढून ये." गाडीने साऱ्या माळावर आरोळी ठोकली, परंतु चढ लागताच ती धापा टाकू लागली.

मिस्त्रींनी मग त्या नळ्या पुढे ठेवल्या. पेट्रोलात मिसळलेल्या तेलाच्या काजळीने त्यांची भोके बुजत आली होती. "गाडीचा श्वास या काजळीने कोंडला होता, नळीने नव्हे," ते म्हणाले.

टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातील काही धुराबरोबर निसटू पाहते. धुराच्या धक्क्याने उठलेली दाबाची लाट सायलेन्सरमधून उलटते व योग्य क्षणी पोहोचली तर त्या निसटत्या मिश्रणाला माघारी लोटते. पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन या अभियंत्याने एम. झेड. कारखान्यात या लाटेचाच कसून अभ्यास केला, आणि १९६१ साली अवघ्या १२५ सी.सी.च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती मिळवली. त्याच्या शर्यतीच्या गाडीची नळी वेगळी, जावाची वेगळी. परंतु ज्या पोकळीला आपण केवळ आवाजाचे झाकण समजतो, ती इंजिनाचाच एक अवयव आहे, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

नळ्या स्वच्छ करून पुन्हा बसवल्या. या वेळी गाडी तोच चढ सहज चढून गेली. संध्याकाळी ती अंगणात शिरली, तेव्हा शेजारच्या खिडकीतून क्षीण स्वर आला, "कोण, तुझ्या आजोबांची गाडी ना रे? किती दिवसांनी ऐकली!"

पुतण्या काही बोलला नाही. त्याने इंजिन बंद केले आणि तो बाईंना भेटायला आत गेला.

आवाज मोठा करणे सोपे असते. त्यासाठी काहीतरी काढून टाकले की पुरते. परंतु न पाहताही कोणीतरी ओळखावा असा आवाज वर्षानुवर्षांच्या सहवासाने घडतो, आणि तो जपावा लागतो.