पाण्याचा पहारा

पंचतंत्रातील टिटवीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. समुद्रतीरी घातलेली तिची अंडी सागराने हिरावून नेली. तेव्हा पक्षी गरुडाकडे गेले, गरुडाने श्रीविष्णूंस साकडे घातले, आणि भयभीत सागराने ती अंडी निमूटपणे परत केली. त्या कथेत पाणी हा चोर आहे. परंतु २०२४ सालच्या मे महिन्यात चंबळेच्या वाळवंटात जे मी पंधरा दिवस पाहिले, त्यात पाणी पहारेकरी होते. आणि तो पहारेकरी दिवसेंदिवस माघार घेत होता.

चंबळ इंदूरनजीकच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते व पुढे यमुनेस मिळते. आम्हां ग्वाल्हेरकरांस ती मुरैन्याच्या पलीकडे, आग्र्याच्या वाटेवर भेटते. सुसरींसाठी प्रसिद्ध असलेले तेथील अभयारण्य पाणचिरा या पक्ष्याच्या विणीचेही मोठे आश्रयस्थान आहे. काळी टोपी, शुभ्र पोट आणि लांब नारिंगी चोच अशी त्याची मूर्ती. चोचीचा खालचा भाग वरच्याहून लांब असतो. उघड्या चोचीचा हा भाग बुडवून तो पाणी चिरीत उडत जातो, आणि मासळी लागताच चोच मिटते. जगात असे प्रौढ पक्षी तीन हजारांहून कमीच उरले असावेत, असा २०२० सालचा अंदाज आहे.

त्याचे घरटे म्हणजे वाळूतील एक उथळ खळगा; ना काडी, ना पान. त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीनचार अंडी. ती फुटण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. दुपारी वाळूवर पाऊल ठेववत नाही, तेव्हा हे पक्षी नदीवर जाऊन पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांस गारवा देतात. ऊब देणे हे मातेचे काम असे आपण म्हणतो. चंबळेवर गारवा देणे हेही तिचेच काम असते.

अशा उघड्या घरट्यास आधार एकच : सभोवतालचे पाणी. म्हणून पाणचिरा नदीच्या मधोमध असलेले वाळूचे बेट निवडतो. १९६० साली वरच्या बाजूस गांधीसागर धरण व कोट्याचा बंधारा पुरे झाले. शेतीस पाणी मिळाले, हा मोठाच लाभ. तथापि उन्हाळ्यात खालचे पात्र अधिकच रोडावते, बेट काठास जोडले जाते, आणि कुत्री, कोल्हे, गुरे पायी चालत घरट्यांपर्यंत पोहोचतात. वाळूच्या चोरट्या उपशाने उरलेसुरले बेटही खचते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चंबळकाठच्या गावकऱ्यांतूनच घरट्यांचे राखणदार नेमण्याचा उपक्रम चालविला आहे. मुरैन्यास राहणाऱ्या माझ्या मामांमुळे अशाच एका वृद्ध राखणदाराची ओळख झाली. सारे त्यांस ‘बाबा’ म्हणत. मीही म्हणू लागलो. बेटावर जाण्याची माझी इच्छा ओळखून ते पहिल्याच दिवशी आपल्या बोलीत म्हणाले, “बेटा, लांबूनच पाहा. तू जवळ गेलास की आई उठेल. आई उठली की अंड्यांवर ऊन बसेल.” मग मामांची दुर्बीण घेऊन मी काठावरच बसू लागलो.

प्रथम अकरा घरटी होती आणि मधले पाणी छातीएवढे. नवव्या दिवशी ते गुडघ्याशी आले. दहाव्या पहाटे वाळूवर कोल्ह्याची पावले उमटलेली दिसली. चार घरटी रिकामी झाली होती, आणि त्यांचे धनी त्या रित्या खळग्यांभोवती ओरडत घिरट्या घालीत होते. बाबा काही बोलले नाहीत. सायंकाळी त्यांनी आपली खाट उचलून उताराच्या अगदी तोंडाशी आणून मांडली, उशाशी काठी व विजेरी ठेवली, आणि त्या रात्रीपासून ते तेथेच जागू लागले. पाणी जेथून हटले, तेथे एक मनुष्य उभा राहिला.

मी परतलो तोवर पाच घरट्यांत पिले निघाली होती. चाहूल लागताच ती वाळूत अंग दाबून अशी निश्चल होत, की पाहता पाहता दिसेनाशी होत. त्यांच्या चोचीचे दोन्ही भाग अजून सारखेच होते. पाणी चिरण्याची विद्या पुढे यावयाची होती. पावसाळ्याच्या तोंडी मामांचा निरोप आला : नऊ पिले उडाली. हा आकडा कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या जातीची गणना हजारांच्या पुढे सरकत नाही, तिच्या हिशेबात नऊ हा आकडा लहान नव्हे.

टिटवीच्या पाठीशी गरुड होता. पाणचिऱ्यांच्या पाठीशी खाटेवर जागणारा एक वृद्ध आहे, आणि त्यास आपण सारे साह्य करू शकतो. विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्यात कोणत्याही नदीच्या वा समुद्राच्या वाळवंटात जाल, तेव्हा कुत्रे सोबत नेऊ नका, आणि पाऊल जपून टाका. एखादा पक्षी आक्रोश करीत तुमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर जवळच कोठेतरी त्याचा संसार उघड्यावर मांडलेला आहे असे समजा, आणि आल्या वाटेने हलकेच माघारी फिरा.