परसांतला विळा

प्रसूतीविषयीं आपल्या प्राचीन वैद्यांनीं किती बारीक विचार केला होता, हें पाहून मला नेहमीं विस्मय वाटतो. परिचारिका कशा असाव्यात हें सांगतांना सुश्रुतानें वय आणि कौशल्य यांच्या जोडीला, नखें कापलेलीं असावींत असेंही घातलें आहे. नाळ कापण्याचें शस्त्र तीक्ष्ण असावें, मग तें सोन्याचें, रुप्याचें वा लोखंडाचें असो, असें चरक सांगतो. हे ग्रंथ आमच्या माडीवर तांबड्या फडक्यांत बांधलेले होते. खालच्या काळोख्या बाळंतिणीच्या खोलींत ते कोणी नेले नाहींत.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं एकच सुईण होती. आम्ही मुलें तिला सुईणआजी म्हणत असूं. अक्षरशत्रु बाई, पण पोटावरून हात फिरवून मूल आडवें आहे कीं पायाळू, हें ती सांगे, आणि आडवें असलें तर लगेच तालुक्याला न्यावयास बैलगाडी जोडावयास लावी. वार आपोआप पडेपर्यंत नाळ ओढावयाची नाहीं, हा तिचा दंडक. पहिलटकरणीला भिवविणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना ती बाहेर काढी, आणि त्या निमूट जात! एरव्हीं तीच बाई आमच्या ओटीच्या पायरीखालीं उभी राही.

सोयरांत वापरलेली वस्तु पुन्हां घरांत घ्यावयाची नाहीं, म्हणून तिच्या हातीं द्यावयाचें तें सारें टाकाऊ. फाटकें लुगडें, जुनें पोतें आणि परसांतला गंजका विळा. १९६७ सालीं माझा धाकटा भाऊ जन्मला, त्याची नाळ त्याच विळ्यानें कापली आणि वर शेणीची राख लावली. सहाव्या रात्रीं सटवी पुजली, सारें घर जागलें. सातव्या दिवशीं तो दूध ओढीना. मग अंग धनुष्यासारखें ताठूं लागलें. नवव्या दिवशीं तो गेला. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा याच सुमारास प्रकट होतो. पांचवी-सहावीच्या जागरणामागें पिढ्यान् पिढ्यांचें हेंच भय असावें, असा आपला माझा तर्क. आजीनें सटवीला दोष दिला, शेजाऱ्यांनीं सुईणीला. विळा कोणाचा, हें कोणीच विचारलें नाहीं.

पुढें सरकारी आरोग्यकेंद्रांत तिला शिक्षण मिळालें. हात, जागा, पातें, दोरा आणि नाळ या पांचांची स्वच्छता तिनें तोंडपाठ केली. १९८८ सालीं माझ्या पत्नीचें दुसरें बाळंतपण घरीं झालें, तेव्हां आईनें संवयीनें विळा पुढें केला. “काकू, तो गवताला ठेवा,” असें म्हणून तिनें पिशवींतून नवें पातें काढलें आणि पाणी उकळावयास सांगितलें. मग अंगणांत बसून साबणानें कोपरापर्यंत हात धुतले. नखें मीं मुद्दाम पाहिलीं. कापलेलीं होतीं. मुलगी सुखरूप झाली. बारशाला सुईणआजीला लुगडें आणि नारळ दिला, तोही पायरीखालींच.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर गांवोगांवच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यांत अधिकाधिक जाऊं लागल्या. गर्भवतींना लसही मिळत होती. २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. सुईणआजीला मात्र बोलावणें येईनासें झालें. माझी तीच मुलगी २०१३ सालीं दवाखान्यांतून बाळ घेऊन घरीं आली, तेव्हां ऐंशी उलटलेल्या त्या बाईला तिनें स्वतः जाऊन आणलें. बाईनें पाय पसरले, लेकराला पायांवर घेतलें आणि कोमट तेल मागितलें. ती बसली होती आमच्या माजघरांत, आणि तेलाची वाटी आणून देत होती माझी आई.