पलीकडचा गप्प माणूस

रडणाऱ्या माणसाचा फोन पुण्यातल्या एका बाईंना कधी अवघड गेला नाही. अवघड जातो तो गप्प राहणारा. फोन लागतो, पलीकडे कुणीतरी आहे एवढं कळतं आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी किती थांबायचं? हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून इतकी वर्षं काढूनही त्यांचं या प्रश्नाशी भांडण मिटलेलं नाही.

कान मंदावला तसं ते पुन्हा पेटलं. पूर्वी त्या शांततेतलं सगळं ऐकू यायचं: खडखडणारा पंखा, नाक ओढल्याचा बारीक आवाज, आतून कुकरची शिट्टी. कुकर वाजला म्हणजे घरात बहुधा दुसरं कुणी आहे. नुसत्या श्वासावरून रडू फुटणार हे त्या ओळखत. असा कान केंद्रात दुसऱ्या कुणाचा नाही, असं त्या मनोमन मानत आल्या आणि आजही तो अभिमान सुटत नाही. आता श्रवणयंत्रातून पंखा मोठा ऐकू येतो, श्वास त्यात हरवतो. 'मी इथेच आहे, घाई नाही,' हे त्या म्हणतात. पण कधी म्हणायचं? लवकर म्हटलं तर रेटल्यासारखं होतं. उशीर झाला तर माणसाला वाटतं, इथेही कुणी नाही.

सोबतची नवी मुलगी शांतता पडली की सल्ले देऊ लागते. बाईंना ते खटकतं. चॅटवरची मदत तर त्यांना पटतच नाही: तिथे गप्प बसलेला आणि निघून गेलेला सारखाच दिसतो. मलाही हा आक्षेप खरा वाटतो.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या पाद्र्याने सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून अशी फोनसेवा सुरू केली. भेटायला आलेल्यांना ताटकळावं लागे; तोवर स्वयंसेवक चहा देत, जवळ बसत. पुष्कळांना मग पाद्रीबाबांना भेटण्याची गरजच उरेना. हे पाहून १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवरच सोपवलं. तीच समॅरिटन्स ही संस्था. बाईंना त्या चहाच्या कपाचा हेवा वाटतो. फोनवरून हातात द्यायला काही नसतं.

एका बाबतीत मात्र त्या ठाम आहेत. 'जीव द्यायचा विचार येतोय का?' हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. काय बोलावं ते सुचत नसलं, तरी फोन लावा.