रायपूरच्या बाजारातले बिनचेहऱ्याचे पुतळे

रायपूरला गेलात की कोसा रेशमाची साडी बघितल्याशिवाय तुम्ही परत येणार नाही, हे मी गृहीत धरते. मग पंडरीच्या कापड बाजारात किंवा मालवीय रोडवर फिरताना एक करा. साडीच्या आधी, ती नेसून उभ्या असलेल्या पुतळ्याकडे बघा. साधारण दोन प्रकार दिसतील. एक चकचकीत पांढरा, डोकं अंड्यासारखं गुळगुळीत, कधी कधी तर डोकंच नाही. दुसरा जुना फायबरचा. रंगवलेल्या पापण्या, गोरापान रंग, धारदार नाक आणि जरासा सरकलेला केसांचा टोप. छत्तीसगडच्या रस्त्यावर दिसणाऱ्या बाईसारखा मात्र दोघांपैकी एकही नसतो.

चेहऱ्याने एवढा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर गौरी आठवा. नागपूरकडे आणि रायपूरच्या कित्येक मराठी घरांत त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. (छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे इथलं मराठीपण बरंच जुनं आहे.) स्टँडवर साडी नेसवून झाली, निऱ्या बसल्या, तरी तोवर ते नुसतं नेसवलेलं कापडच असतं. मुखवटा बसला की घरातल्या बायकांचा आवाज आपोआप खाली येतो. देवीची आणि दुकानातल्या पुतळ्याची बरोबरी मला करायची नाही. पण चेहरा आला की कापड कुणाचं तरी होतं, हे आपल्याला दर भाद्रपदात दिसतं.

युरोपातल्या दुकानदारांनाही हे कळलं होतं. मॅनेक्विन हा शब्द मूळ डच, अर्थ ‘छोटा माणूस’. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये पिएर इमान्स मेणाचे पुतळे घडवायचा. काचेचे डोळे, खरे केस, अगदी जिवंत. पण काचेआड ऊन आलं की मेण मऊ पडायचं. रायपूरच्या मे महिन्यात त्यांचं काय झालं असतं, ते सांगायला नको!

मग प्लास्टर आलं. 1930च्या दशकात न्यूयॉर्कच्या लेस्टर गाबाने सिंथिया नावाचा पुतळा बनवला. वजन सुमारे 45 किलो. तो तिला घेऊन पार्ट्यांना जायचा, बड्या जवाहिऱ्यांनी तिला दागिने पाठवले आणि 1937मध्ये ती ‘लाइफ’ मासिकात झळकली. शेवटी ब्यूटी पार्लरच्या खुर्चीवरून घसरली आणि फुटली.

माझ्या मते खरी क्रांती लंडनमध्ये अॅडेल रूटस्टाईन या बाईने केली. तिने काल्पनिक सुंदरी घडवण्याऐवजी खऱ्या मुलींना शिल्पकारासमोर उभं केलं आणि फायबरग्लासमध्ये त्यांचे पुतळे काढले. 1966मध्ये ट्विगी ही मॉडेल, आणि पाठोपाठ डोनियल लुना ही कृष्णवर्णीय मॉडेल. साठच्या दशकात दुकानाच्या काचेत काळा चेहरा! ज्यांना तोवर त्या काचेत स्वतःसारखं कुणीच दिसलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही केवढी गोष्ट असेल.

पुढे हे चेहरे गेले, कारण हिशेबाचं होतं. चेहरा म्हटला की मेकअप उडतो, टोप विंचरावा लागतो, दहा वर्षांनी भुवया जुन्या फॅशनच्या दिसतात. अंड्यासारख्या डोक्याला फक्त फडकं पुरतं. आता वारं पुन्हा थोडं फिरतंय. 2019मध्ये नायकेने लंडनच्या दुकानात जाड बांध्याचे पुतळे ठेवले, त्यावर जोरदार वाद झाला. माणसाचं त्रिमितीय स्कॅनिंग करून हुबेहूब पुतळा काढणंही सोपं झालंय. पुतळ्याचा असा वाद आपल्यालाही नवा नाही म्हणा. 2013मध्ये अंतर्वस्त्रातले पुतळे हटवण्याचा ठराव मुंबई महापालिकेत झाला होता.

आपल्या बाजारांची अडचण आणखी एक आहे. बरेच पुतळे पाश्चात्त्य कपड्यांसाठी घडवलेले असतात. एक पाय पुढे, हात कमरेवर. ड्रेसला ते शोभतं, साडीच्या निऱ्या मात्र फाकतात. मग दुकानातला मुलगा खांद्यातून हात फिरवून काढतो, ब्लाउज चढवतो, बाहीतून हात पुन्हा बसवतो आणि टाचण्यांवर टाचण्या लावून निऱ्या आवरतो. दुकान उघडायच्या वेळेला गेलात तर ही कसरत बघायला मिळेल.

आता बाजारातून बाहेर पडा आणि नवा रायपूरकडे चला. शहरापासून वीसेक किलोमीटरवर पुरखौती मुक्तांगण आहे. 2006मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मोकळ्या आवारात नाचणाऱ्या, वाद्यं वाजवणाऱ्या माणसांचे पूर्णाकृती पुतळे आहेत. मुलांना इथे पळायला भरपूर जागा मिळते, मात्र सोमवारी जाऊ नका. नवा रायपुरातच मे 2025मध्ये आदिवासी संग्रहालय सुरू झालं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं, आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय खुलं झालं. तिथल्या पुतळ्यांचे चेहरे बघा. सावळे, रुंद नाकाचे, उन्हाने रापलेले.

म्हणजे एकाच शहरात दोन तऱ्हा. इथल्या माणसाचा चेहरा बघायचा तर संग्रहालयाच्या दालनात जायचं, आणि इथल्याच विणकरांनी विणलेला कोसा दुकानात मात्र बिनचेहऱ्याच्या पांढऱ्या पुतळ्यावर. मला हे खटकतं. संग्रहालयात ठेवलेला माणूस नकळत कालचा वाटायला लागतो. पण बस्तरची पाटा साडी घ्या. जाड सुती, आलच्या मुळाच्या लालसर-तपकिरी रंगात रंगवलेली. ती आजही विणली जाते, आजही नेसली जाते. एखाद्या दुकानदाराने बस्तरच्या मुलीच्या चेहऱ्याचा पुतळा घडवून त्याला पाटा नेसवली, तर गिऱ्हाईक थांबेल की नाही? मी तर नक्की थांबेन.

तोवर माझा क्रम असा: सकाळी नवा रायपूर, संध्याकाळी पंडरी. तिथे गादीवर ऐसपैस बसा आणि काचेतल्या पुतळ्याकडे बोट न दाखवता सेल्समनदादांना म्हणा, “जरा लावून दाखवता का?” ते कमरेला निऱ्या खोचतील, खांद्यावर पदर टाकतील आणि मिशीतल्या मिशीत हसत आरशासमोर उभे राहतील.