नाव हरवलेल्या फायली

आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षातील जुन्या यंत्रावर लिनक्स आहे. पहिल्या तुकड्यांतील मुलामुलींच्या पालकांच्या मुलाखती इतिहास मंडळाने ध्वनिमुद्रित केल्या, त्या याच यंत्रात होत्या. अखेरच्या 17 मुलाखतींची दुसरी प्रत अजून व्हायची होती आणि त्यांतील काही माता आज हयात नाहीत. गेल्या पावसाळ्यात रात्रभर वीज येत-जात राहिली आणि सकाळी यंत्र सुरू होईना. काळ्या पडद्यावर फाइल सिस्टिमची तपासणी हाताने करावी, एवढीच सूचना उमटली होती.

संगणक क्षेत्रात नोकरीला असलेला आपला एक माजी विद्यार्थी रविवारी मुद्दाम आला. ‘मग तपासणी करूया का?’ मी विचारले.

‘आत्ताच नको, सर. एफएससीके ही आज्ञा हिशेब जुळवते. जे जुळत नाही ते खोडायलाही ती कचरत नाही. आधी प्रत घेऊ.’

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटावे. एक्स्ट-4 या रचनेत जर्नल, म्हणजे एक प्रकारची रोजकीर्द असते. अर्धवट राहिलेला बदल तिच्यावरून पुरा होतो. मात्र नेहमीच्या मांडणीत ही कीर्द रचनेची असते, मजकुराची नव्हे. शिवाय डिस्कचा पृष्ठभागच खराब झाला असेल, तर कीर्द काय करणार?

त्याने पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू केले आणि डीडीरेस्क्यू लावले. हे साधन वाचता येईल तो भाग आधी उतरवून घेते, अडलेल्या जागांकडे मागाहून वळते. संध्याकाळ झाली. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून प्रतीवर तपासणी सुरू केली, तर सुपरब्लॉकच वाचता येईना. सुपरब्लॉक म्हणजे साऱ्या रचनेचे मुखपृष्ठ. सुदैवाने त्याच्या नकला डिस्कवर दूरदूर विखुरलेल्या असतात; एका दप्तरातील सनद जळाली तरी दुसऱ्या दप्तरात तिची नक्कल मिळावी, तशा. आमची नक्कल 32768 क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मिळाली.

पाच टप्प्यांची तपासणी संपली, तेव्हा 11 मुलाखती आपापल्या जागी होत्या. उरलेल्या सहा ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत नावांऐवजी निव्वळ क्रमांक धारण करून पडल्या होत्या. फायलीचे नाव फायलीत नसतेच, ते डिरेक्टरीत लिहिलेले असते, हे मला त्या दिवशी कळले. डिरेक्टरी बिघडली की मजकूर उरतो, नाव जाते. आद्यंत पाने गळालेल्या हस्तलिखिताचा कर्ता आपण आतल्या उल्लेखांवरून ठरवतो. तेच आम्ही कानांनी केले. गावाचा उल्लेख, जात्याची घरघर, लेकराला वसतिगृहात सोडून परतताना पायी तुडवलेली वाट... यांवरून चार जणी ओळखू आल्या. एकीच्या बोलण्यात मधेच काही क्षणांची शांतता आहे. डिस्कचा तेवढा भाग वाचलाच गेला नाही.

दोन आवाज अजून ओळखायचे आहेत. एक माउली नदीला आलेल्या पुराविषयी सांगते, दुसरी मुलाच्या पहिल्या पत्राविषयी. मेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कृपया संगणक कक्षात येऊन ते ऐकावेत. त्यांच्या प्रती आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.