घरचे विमान

विमान म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? प्रचंड कारखाना, शेकडो कामगार, अवाढव्य यंत्रे आणि त्यांतून बाहेर पडणारा एक रुपेरी पक्षी. घरी पाट बनवता येतो, पाळणा बनवता येतो, फार तर एखादी होडी बनवता येईल. पण विमान ही काही घरी बनवण्याची वस्तू नव्हे, असे आपण धरूनच चालतो.

इतिहास मात्र वेगळेच सांगतो. अमेरिकेतील डेटन या गावी विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचे दुकान चालवीत. स्प्रूस नावाच्या झाडाचे हलके लाकूड, साधे सुती कापड, पोलादी तारा आणि सायकलीला असते तशी साखळी, एवढ्या सामानातून त्यांनी आपले विमान उभे केले. त्यांच्या दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत त्याचे इंजिन बनवून दिले. पंखा फिरवणारी दंतचक्रे पुनःपुन्हा सैल पडू लागली, तेव्हा या भावांनी सायकलीचे टायर चिकटवण्याचे सिमेंट वापरून ती पक्की बसवली! १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर ते विमान पहिल्यांदा उडाले, ते १२ सेकंद आणि सुमारे ३७ मीटर. इंजिनाच्या विमानांचा हा पहिला पूर्वज घरगुतीच होता.

पुढे कारखाने निघाले, तरी स्वतःच्या हातांनी विमान बांधणारे लोक संपले नाहीत. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल या स्वयंशिक्षित कारागिराने १९२९ साली लाकडी विमानाला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून ते उडवले. त्याचे आराखडे प्रसिद्ध झाले आणि आजही लोक त्यांवरून विमाने बांधतात. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात अशा हौशी लोकांची एक संघटना स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा त्याच राज्यातील ऑशकॉश येथे भरतो. आपल्या मुंबईतही अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईतील एका प्रदर्शनात लोकांना पाहावयास मिळाले, आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी रीतसर नोंदणी झाली.

हे सारे मी वाचले होते. पण घरी विमान बांधणे म्हणजे नेमके काय, हे मला उमगले ते विस्कॉन्सिनमध्ये, ॲपलटन या गावी. काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीकडे उन्हाळाभर तेथे राहिलो होतो. फॉक्स नदीच्या काठचे हे गाव कागदाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ राहत. गिरणीतील यंत्रांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या मोटारखान्यात मोटार नव्हती. तेथे होता एक लांबलचक पंख! पीटनपोल यांच्याच आराखड्यावरून ते विमान बांधीत होते. त्यांची बारा वर्षांची नात सुटीत त्यांच्याकडे आली होती. ती त्यांना आजोबा म्हणे. तिच्यामुळे मीही मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणू लागलो.

सकाळी न्याहारी झाली की माझी पावले तिकडे वळत. पंख अजून उघडा होता. दोन लांब लाकडी तुळया, आणि माशाच्या काट्याप्रमाणे त्यांवर ओळीने बसवायच्या तीसएक फासळ्या. एकेक फासळी म्हणजे बोटाहून बारीक काड्यांची नाजूक जाळी. हातात घेतली तर पिसासारखी हलकी वाटावी. विमानात वजन हा मोठा शत्रू. तयार झाल्यावर या सबंध विमानाचे रिकामे वजन जेमतेम ३०० किलो भरणार होते. म्हणून प्रत्येक काडी निवडून घेतलेली. जिला गाठ आहे किंवा जिचे रेषे तिरपे धावतात, ती बाजूला पडे.

या फासळ्या तुळयांवर चिकटवण्यासाठी दोन द्रव्ये समप्रमाणात मिसळून एक चिकटा तयार करीत. तो पुरता वाळला म्हणजे अतिशय मजबूत होतो. पण सांधा आतून पक्का बसला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी आजोबांनी एक नेम ठेवला होता. वाटीत चिकटा कालवला की त्याच वाटीतल्या चिकट्याने ते दोन टाकाऊ काड्या जोडून ठेवीत. हा झाला त्या दिवसाचा नमुना. तो पुरता वाळला म्हणजे व्हाइसमध्ये धरून मोडायचा. लाकूड फुटले आणि सांधा तसाच राहिला, तर काम पास. लाकूड साबूत राहून सांधाच उकलला, तर काम नापास. नमुना मोडण्याचे आणि निकाल वहीत लिहिण्याचे काम नातीकडे होते. ती वहीही आवश्यकच होती; कारण असे विमान बांधणाऱ्याला, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा आनंदासाठी केले आहे, हे सरकारी तपासनिसाला दाखवून द्यावे लागते.

“इतकी काळजी कशाला?” असे मी एकदा विचारले. त्यावर आजोबांनी मला फ्रान्समधील आंरी मिन्ये यांची हकिकत सांगितली. मिन्ये यांनी १९३३ साली एक चिमुकले विमान बनवले आणि ते कसे बांधावे याचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. ज्याला खोका ठोकता येतो त्याला विमान बांधता येईल, अशा उमेदीने अनेक देशांतील लोक कामाला लागले. परंतु काही विमाने कोसळली, माणसे दगावली. १९३६ साली इंग्लंड व फ्रान्समध्ये ते विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासले, तेव्हा कळले की नाक फार खाली झुकले तर ते पुन्हा वर काढता येत नाही. दोष पुढच्या व मागच्या पंखांच्या मांडणीत होता. आजोबा म्हणाले, “त्या बांधणाऱ्यांचे हात कुशल होते, मने प्रामाणिक होती. पण दोष डोळ्यांना दिसत नव्हता. जे दिसत नाही ते तपासायची रीत शोधून काढावी लागते.”

जुलै संपत आला होता. पंख पुरा करायचा, ऑगस्टमध्ये त्यावर कापड चढवायचे, असा बेत ठरला होता. नातीच्या मनाला त्या कापडाची फार ओढ होती. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की तिला घरी परतावे लागणार होते. त्याआधी पंखावर पहिला हात आपण फिरवायचा, असे वचन तिने आजोबांकडून घेतले होते.

एके दिवशी आजोबा काही सामान आणण्यासाठी ऑशकॉशला गेले होते. मोटारखान्यात ती आणि मी दोघेच होतो. आदल्या दिवशी चार फासळ्या चिकटवल्या होत्या. नेहमीप्रमाणे तिने नमुना व्हाइसमध्ये आवळला आणि दांडा दाबला. रोज कानांवर येणारा लाकूड फुटण्याचा कडकडाट त्या दिवशी आला नाही. सांधा अलगद उकलला. दोन्ही काड्या साबूत होत्या आणि त्यांच्या अंगावर काचेसारखी चकाकी होती.

ती बराच वेळ त्या काड्यांकडे पाहत राहिली. मग तिने पंखावरच्या त्या चार फासळ्यांकडे पाहिले. त्या पुन्हा बनवायच्या म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. कोपऱ्यात टाकाऊ काड्यांचा ढीग होता. हा नमुना त्यात मिसळला असता तर कोणाला कळलेही नसते. तिने वही उघडली, तारीख घातली आणि सुवाच्य अक्षरांत ‘नापास’ असा शब्द लिहिला. मग ती दारात जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

आजोबा परतले. त्यांनी वही वाचली, काड्या उजेडात धरून निरखल्या. मी फासळ्या हळूच हलवून पाहिल्या आणि म्हणालो, “या तर घट्ट बसल्या आहेत. जागच्या हलत नाहीत.”

“घट्ट असतीलही,” ते शांतपणे म्हणाले, “पण नमुना त्याच वाटीतला आहे. त्याने सांगितलेले ऐकायचे नसेल, तर तो बनवायचाच कशाला?”

त्यांनी नातीची पाठ थोपटली नाही की तिला शाबासकीही दिली नाही. “करवत आण,” एवढेच ते म्हणाले. दोघांनी मिळून चारही फासळ्या कापून काढल्या आणि तुळयांवरच्या जागा नवे लाकूड दिसेपर्यंत काचकागदाने घासल्या. शोध घेता असे आढळले की दोन द्रव्यांतील दाट द्रव्य मापाच्या पेल्याला चिकटून राहिले होते, त्यामुळे मिश्रणात ते कमी पडले होते. त्या दिवसापासून द्रव्ये पेल्याने मोजणे बंद झाले. ती काट्यावर तोलली जाऊ लागली. ऑगस्ट त्या चार फासळ्यांतच सरला. नात शाळेला परत गेली, तेव्हा पंख उघडाच होता.

मी मायदेशी परतलो. पुढच्या वर्षी आजोबांचे पत्र आले. पंखावर कापड चढवण्याचे काम त्यांनी नातीच्या पुढच्या सुटीपर्यंत थांबवून ठेवले होते. हे कापड पॉलिएस्टरचे असते. ते चिकटवून वरून गरम इस्त्री फिरवली की आक्रसून ढोलकीच्या पानासारखे ताठ बसते. ती इस्त्री नातीने फिरवली होती. यानंतर सरकारी तपासणी होणार होती. पुढे ठरावीक तास, बहुधा २५ किंवा ४०, प्रवासी न घेता चाचणीची उड्डाणे करावी लागतात. पुढच्या आसनावर बसायला नातीला तोवर थांबावे लागणार होते. ‘ती आता तासांचा हिशेब वहीत ठेवणार आहे,’ असे आजोबांनी लिहिले होते.

अशा विमानाचे काम पुरे झाले असे कधी होतच नाही. दर बारा महिन्यांनी त्याची नखशिखांत तपासणी करावी लागते. नट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेल्या तारा, सुकाणूच्या दोऱ्या, इंजिनाच्या नळ्या, चाके, सारे काही पाहावे लागते. पंखाच्या कापडाला खालच्या बाजूने छोट्या गोल खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यांची झाकणे काढून, आत विजेरी धरून आणि आरसा घालून सांधे तपासतात. ज्याने विमान बांधले, त्याला त्या एका विमानाच्या तपासणीचा परवानाही मिळू शकतो. कारण आत काय आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आपल्याही पुष्कळशा कामांवर असेच कापड चढते. भिंतीवर गिलावा चढतो, शिवणीवर अस्तर चढते, उत्तरपत्रिकेच्या आड अभ्यास झाकला जातो. मग बाहेरचा माणूस वरचा रंगच तेवढा पाहतो. परंतु ज्याला उडायचे आहे, त्याचा सारा भरवसा आतल्या सांध्यांवर असतो. कोणी केव्हाही झाकण काढून आत पाहावे आणि आपल्याला खाली पाहावे लागू नये, असे काम ज्याच्या हातून होते, त्याने निर्धास्तपणे आकाशात जावे.